घोडा नंतर, भाव आधी: रेसवर पहिल्यांदा पैसे लावणाऱ्यांसाठी

रेसकोर्सवर पहिल्यांदा आलेला माणूस शेजारच्याला हमखास विचारतो, "या रेसमध्ये कोण जिंकेल?" इतकी वर्षं रेस पाहूनही या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मला देता येत नाही. जी मोजकी माणसं वर्षानुवर्षं तग धरून खेळताना मी पाहिली, ती हा प्रश्न विचारतच नाहीत. त्यांचा प्रश्न असतो, "या घोड्याला आत्ता जो भाव मिळतोय, तो त्याच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का?" भाव म्हणजे घोडा जिंकला तर लावलेल्या पैशांवर किती मिळतील तो दर. दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं पुष्कळदा वेगवेगळ्या घोड्यांकडे बोट दाखवतात. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रश्नाची सवय लावून घ्यावी, म्हणून हे लिहितो आहे.

घरून निघण्याआधी

तुम्ही जिथे राहता तिथे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं कायदेशीर आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. कुठे ते फक्त रेसकोर्सच्या आवारात चालतं, कुठे परवानाधारक बुकीकडे किंवा ॲपवर चालतं, तर कुठे पूर्ण बंदी असते. वयाची अटही असते. विनापरवाना बुकीकडे किंवा ॲपवर खेळू नका. तिथे हरलात तर पैसे गेलेच, आणि जिंकलात तर ते वसूल कुठे करायचे हा प्रश्न उरतो.

मग पैसे बाजूला काढा. अख्खी रक्कम बुडाली तरी घरातलं एकही देणं थांबणार नाही, एवढीच रक्कम घ्यायची. पंटर, म्हणजे रेसवर पैसे लावणारे, तिला बँक म्हणतात. ती रोजच्या खर्चाच्या पैशांत मिसळू देऊ नका. उसने घेतलेले पैसे, पगारातले 'तात्पुरते' काढलेले पैसे, फीसाठी ठेवलेले पैसे यांतलं काहीही बँकेत येता कामा नये. याबाबत माझ्याकडे कुठलीही सवलत नाही.

एका घोड्यावर एका वेळी लावलेली पैज म्हणजे बेट. बेट लावताना बँकेच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त लावायचं नाही. इतकं कमी कशाला, असं वाटेल. गणित करून बघा. तुमचा प्रत्येक पाचवा घोडा लागतो असं धरा, भाव चांगले असतील तर हे प्रमाण मुळीच वाईट नाही. तरीही ठरवून घेतलेल्या दहा बेटमध्ये दहाही हरण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. शंभर बेटच्या प्रवासात सलग बारा-पंधरा हार येणं अगदी नेहमीचं आहे. प्रत्येक वेळी बँकेचा दहावा हिस्सा लावणारा माणूस त्या काळात जवळजवळ संपतो, आणि त्याची पद्धत चांगली होती की वाईट हे त्याला कधीच कळत नाही.

भाव वाचायला शिका

भाव दोन पद्धतींनी लिहिलेला दिसेल. जुनी पद्धत अपूर्णांकाची. ५/२ म्हणजे २ लावले तर ५ नफा, शिवाय लावलेले २ परत. दुसरी पद्धत दशांशाची. ३.५ म्हणजे १ लावला तर मुद्दलासकट साडेतीन हातात. ५/२ आणि ३.५ हा एकच भाव आहे. शिकताना दशांश पद्धत सोपी जाते, कारण १०० ला त्या आकड्याने भागलं की भावात दडलेली शक्यता लगेच मिळते. ३.५ भाव म्हणजे सुमारे २८.६ टक्के. भाव २ असेल तर ५० टक्के, ५ असेल तर २०, १० असेल तर १०. एवढा पाढा पाठ करा.

आता पाच घोड्यांची एक रेस घ्या. बुकी ज्या फळ्यावर भाव लिहितो, त्यावर भाव आहेत ६/४, २/१, ४/१, ६/१ आणि ९/१. शक्यता काढल्या तर अनुक्रमे ४०, ३३.३, २०, १४.३ आणि १० टक्के येतात. बेरीज होते ११७.६. जिंकणार एकच घोडा, म्हणजे खऱ्या शक्यतांची बेरीज १००च असायला हवी. वरचे साडेसतरा हा बुकीचा वाटा. पाचही घोड्यांवर या शक्यतांच्या प्रमाणात पैसे लावले तर ११७.६ घालून १०० परत मिळतील. पहिल्या रेसच्या आधीच आपण किती मागे आहोत, हे ही बेरीज सांगते. कुठल्याही रेसमध्ये हात घालण्यापूर्वी ती एकदा करा.

टोटचं काम वेगळं चालतं. ही पद्धत १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी सुरू केली. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, त्यातून चालवणाऱ्याची कपात निघते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. पूलमध्ये १०,००० जमले, कपात २० टक्के, उरले ८,०००. जिंकलेल्या घोड्यावर एकूण २,००० लागले असतील तर प्रत्येक १ ला ४ मिळतील. हा हिशेब आधी हातानेच करत. १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या एलरस्ली रेसकोर्सवर जॉर्ज ज्युलियस यांचं पहिलं स्वयंचलित टोट यंत्र बसलं आणि आकडे यंत्र मोजू लागलं.

नवशिक्यासाठी या फरकाचा अर्थ असा: बुकीकडे घेतलेला भाव पक्का असतो, टोटचा भाव रेस सुरू होऊन गेट उघडेपर्यंत हलत राहतो. टोटवर ६ पाहून तिकीट काढलं आणि शेवटच्या मिनिटाला पैशांचा लोंढा आला तर हाती ४.५ पडू शकतात. म्हणून टोटवर खेळताना अगदी काठावरचा भाव घेऊ नका, थोडी जागा ठेवा. कपातीचं प्रमाणही पूलनुसार बदलतं. साध्या विन पूलमध्ये, म्हणजे फक्त जिंकणारा घोडा ओळखायचा असतो तिथे, ती बहुधा सगळ्यात कमी असते, तीन-चार घोड्यांचा क्रम ओळखायच्या पूलमध्ये जास्त.

फेव्हरिट आणि लांबचा घोडा

फेव्हरिट म्हणजे सगळ्यात कमी भावाचा, लोकांच्या पसंतीचा घोडा, आणि लांबचा घोडा म्हणजे मोठ्या भावाचा, जिंकण्याची आशा कमी असलेला. जगातल्या बहुतेक रेसिंग केंद्रांवर फेव्हरिट साधारण तीनातल्या एका रेसमध्ये जिंकतो. म्हणजे गर्दी मूर्ख नाही. पण डोळे मिटून दर वेळी फेव्हरिटच घेतला तर शेवटी तोटाच होतो, कारण त्याचा भाव त्याच्या विजयांच्या प्रमाणाला पुरत नाही. उलट्या टोकाचं चित्र आणखी वाईट. आर. एम. ग्रिफिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच दाखवून दिलं होतं की लोक लांबच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर थोडे कमी. पुढच्या अनेक अभ्यासांत बहुतेक ठिकाणी हेच दिसलं. मोठ्या परताव्याचं स्वप्न माणसाला महाग पडतं.

लांबचा घोडा कधीच येत नाही असं नाही. १९६७ च्या ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतीत तेविसाव्या अडथळ्यापाशी पुढचे घोडे एकमेकांत अडकले आणि मागून येणारा फॉइनॅव्हन १००/१ भावाने जिंकला. २०२२ च्या अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत ऐनवेळी जागा मिळालेला रिच स्ट्राइक ८०/१ वर आला. अशा रेस लोकांच्या लक्षात राहतात. त्याच भावाचे जे हजारो घोडे मागे पडले ते कोणाला आठवत नाहीत, आणि पुढच्या वेळी हात पुन्हा लांबच्या घोड्याकडे जातो.

उत्तम घोडा म्हणजे उत्तम बेट नव्हे, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे सेक्रेटेरियट हा अमेरिकी घोडा. ९ जून १९७३ ला त्याने बेलमाँट स्टेक्स ही शर्यत ३१ लेंग्थने जिंकली, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत. लेंग्थ म्हणजे घोड्याच्या शरीराची लांबी, अडीच मीटरच्या आसपास. तो होता १/१० वर. दहा लावले तर नफा एक. या भावात अकरापैकी दहा वेळा जिंकावं तेव्हा हिशेब बरोबरीत सुटतो. बरोबर आठ आठवड्यांनी हाच घोडा साराटोगा रेसकोर्सवर अनियन नावाच्या घोड्याकडून हरला. घोडा लाखात एकच होता. पण १/१० भावात कोणत्याही घोड्याच्या एका वाईट दिवसाला जागा नसते.

रेस कार्ड कसं वाचायचं

कार्डावर घोड्याच्या नावाशेजारी आकड्यांची एक रांग असते, उदाहरणार्थ ३१५०७. गेल्या पाच रेसमधले हे क्रमांक. बहुतेक ठिकाणी सगळ्यात उजवा आकडा ताजा असतो, आणि शून्य म्हणजे दहावा किंवा त्याहून मागे. नवखा माणूस शेवटचा ७ पाहून घोडा खोडतो. तुम्ही तिथेच थांबा आणि तो सातवा का आला ते शोधा. कार्डाचा खरा उपयोग इथे सुरू होतो.

अंतर पाहा. घोड्याला आवडणारं अंतर बहुधा ठरलेलं असतं. ५ फर्लांग म्हणजे सुमारे १,००० मीटर, ८ फर्लांग म्हणजे मैल. १,२०० मीटरला झेपावणारा घोडा १,८०० ला सातवा आला, तर ते त्याचं अपयश धरू नका, ती त्याची रेसच नव्हती. मग जमीन पाहा. कडक, चांगली, मऊ, जड, असे प्रकार दिवसागणिक बदलतात. काही घोडे चिखलात खूष असतात, काहींचे पाय तिथे चालतच नाहीत. मागच्या रेसची जमीन आणि आजची जमीन एकच आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मे गैरसमज दूर होतात.

वजनावर थोडं थांबतो, कारण ते सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न असतो. जुना ठोकताळा असा: छोट्या अंतरावर साधारण दीड किलो म्हणजे एक लेंग्थ, मैलाच्या आसपास एक किलोला एक लेंग्थ, आणि लांब पल्ल्यावर अर्ध्या किलोचाही तेवढाच परिणाम. लेंग्थ म्हणजे घोड्याच्या शरीराची लांबी, अडीच मीटरच्या आसपास. १९३० मध्ये फार लॅप या घोड्याने सुमारे साडेबासष्ट किलो वाहून मेलबर्न कप जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो चढवले. तरीही लोकांनी त्यालाच फेव्हरिट केलं, आणि तो आठवा आला. घोडा तोच, रेस तीच. मागच्या वेळी अर्ध्या लेंग्थने जिंकलेला घोडा आज तीन किलो जास्त घेऊन त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभा असेल, तर कागदावर तो आज मागे आहे.

गेटचा क्रमांक, म्हणजे ड्रॉ, छोट्या अंतराच्या रेसमध्ये आणि लवकर वळण येणाऱ्या ट्रॅकवर महत्त्वाचा. बाहेरच्या गेटवाल्याला वळणावर जास्त अंतर कापावं लागतं. लांब अंतराच्या रेसमध्ये, वळण दूर असेल तर, त्याचा फार विचार करू नका.

रेस कशी पळली जाईल याचं चित्रही मनात उभं करा. पुढे राहून पळणारा घोडा एकच असेल तर तो आपल्या चालीने दम राखून शेवटपर्यंत टिकू शकतो. तसे चार घोडे असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. कार्डावरच्या शेऱ्यांत कोण पुढे पळतो, कोण मागून येतो हे लिहिलेलं असतं. प्रत्येक नावापुढे 'पुढे', 'मध्ये' किंवा 'मागे' असं पेन्सिलीने लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

जॉकी आणि ट्रेनर यांचं महत्त्व आहेच, पण नावाजलेल्या जॉकीची किंमत भावात आधीच धरलेली असते. त्याच्या नावासाठी वेगळे पैसे मोजू नका.

पॅडॉकपाशी पाच मिनिटं

रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात. तिथे जाऊन उभे राहा. मी कठड्याला टेकून प्रत्येक घोड्याच्या दोन फेऱ्या पाहतो. पहिल्या फेरीत फक्त चाल. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो का? मान सैल वरखाली होते का? अशी मोकळी चाल मला आवडते. दुसऱ्या फेरीत डोकं आणि घाम. कान पुढे, आसपासचं कुतूहल, पण घाई नाही, हे चांगलं. शेपूट सतत फटकारणारा, तोंडाला फेस आलेला, मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा घाम साचलेला घोडा आपली ताकद रेसआधीच खर्च करतो आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. काही घोडे दर वेळीच घामाघूम होतात आणि तरी जिंकतात. म्हणून एकदा पाहून निष्कर्ष काढू नका. तोच घोडा मागच्या वेळी कसा होता, याच्याशी तुलना करा. पहिले काही महिने पॅडॉकमधलं निरीक्षण फक्त लिहून ठेवा, त्यावर पैसे लावू नका. नजर तयार व्हायला वेळ लागतो. मी स्वतः पॅडॉक पाहून घोडा घ्यायला फार उशिरा सुरुवात केली. आजही त्याचा उपयोग मुख्यतः एखादा ठरवलेला घोडा सोडून देण्यासाठी होतो.

स्वतःचा भाव लिहा, मग फळा बघा

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाची पायरी ही. फळ्यावरचा भाव पाहण्याआधी प्रत्येक घोड्याची शक्यता स्वतः लिहायची. बेरीज १०० यायलाच हवी. आधी फळा पाहिला तर तुमचे आकडे नकळत त्याच्या मागे जातात.

एक काल्पनिक रेस घेऊ. १,२०० मीटर, चांगली जमीन, सहा घोडे. १ नंबर गेल्या दोन रेस जिंकलेला, पण दोन्ही १,६०० मीटरवर, आज गेट बाहेरचं, जॉकी लोकप्रिय. ३ नंबर मागच्या वेळी सातवा, पण तेव्हा जमीन जड होती आणि अंतर १,८०० मीटर. त्याआधी चांगल्या जमिनीवर १,२०० मीटरला तो जिंकलेला आहे, आणि आज त्याचं वजन तेव्हापेक्षा दोन किलोने कमी. बाकीचे बेताचे. माझे आकडे: १ नंबरला ३० टक्के, २ ला २२, ३ ला २०, ४ ला १४, ५ ला ९, ६ ला ५. बेरीज १००.

आता फळा बघू. १ नंबर २.२, दुसरा ४.५, तिसरा ६.५, चौथा ७, पाचवा १०, सहावा १२. माझी शक्यता गुणिले भाव, एवढंच करायचं. उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर विचार करावा, कमी आलं तर सोडून द्यावं. १ नंबर: ०.३० गुणिले २.२, म्हणजे ०.६६. २ नंबर: ०.९९. ३ नंबर: ०.२० गुणिले ६.५, म्हणजे १.३०. चौथा ०.९८, पाचवा ०.९०, सहावा ०.६०.

माझ्या मते जिंकण्याची सगळ्यात जास्त शक्यता १ नंबरचीच आहे. तरीही मी त्याच्यावर काही लावणार नाही. मी ३ नंबर घेईन, जो माझ्याच अंदाजाने पाचातल्या चार वेळा हरणार आहे. हे मनाला पटायला जड जातं. १ नंबर जिंकला की शेजारी म्हणेल, "बघा, मी सांगितलं होतं." त्याचंही खरं असतं आणि तुमचा निर्णयही बरोबर असतो.

आता दुसरी कडू गोष्ट. तुमचा आकडा फळ्यापासून फार दूर असेल, तर बहुतेक वेळा चूक तुमची असते. फळ्यावर हजारो लोकांची माहिती एकत्र आलेली असते, तबेल्यातल्या माणसांचीसुद्धा. बिल बेंटर यांनी हाँगकाँगच्या रेसिंगवर संगणकाच्या मॉडेलने प्रचंड पैसे मिळवले. त्यांनी १९९४ च्या लेखात स्पष्ट मांडलं आहे की मॉडेल एकटं पुरत नाही, लोकांनी ठरवलेल्या भावातली माहिती त्यात मिसळावी लागते. त्यांना ज्याची गरज वाटली, ते आपल्याला नक्कीच लागणार.

म्हणून तुमचा आणि फळ्याचा आकडा यांची सरासरी काढा. फळ्यावरच्या ६.५ भावात १५.४ टक्के दडलेत. सगळ्या घोड्यांची बेरीज ११५.७ येते, त्यामुळे बुकीचा वाटा काढला तर उरतात १३.३. माझे २० आणि हे १३.३ यांची सरासरी सुमारे १६.७. गुणिले ६.५ केले तर १.०८. अजूनही १ च्या वर आहे, म्हणून बेट घेण्यासारखी आहे. पण १.३० पाहून जो उत्साह आला होता तो जागेवर आला. सरासरीनंतर १ च्या खाली गेली तर ती रेस फक्त पाहायची. दिवसातल्या बऱ्याच रेस अशाच जातील, आणि तसंच व्हायला हवं.

कोणती बेट, किती रकमेची

सुरुवातीला फक्त विन खेळा. प्लेसमध्ये घोडा पहिल्या दोनांत किंवा तिनांत आला तरी पैसे मिळतात, पण किती घोडे पळतात त्यावर हे ठरतं. रेसच्या नियमांत ते आधी वाचा. ईच-वे म्हणजे ठरलेली रक्कम विनवर आणि तेवढीच प्लेसवर. ती एक नव्हे, दोन बेट असतात, म्हणजे रक्कमही दुप्पट जाते, हे नवखे विसरतात.

ट्रायफेक्टात पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे असतात. दहा घोड्यांच्या रेसमध्ये असे ७२० क्रम होतात. 'बॉक्स' करून चार घोडे घेतले तर २४ तिकिटं लागतात, पाच घेतले तर ६०. लोक म्हणतात, पाच घोडे घेतले होते, थोडक्यात हुकलं. पण त्यांनी साठ बेट लावलेल्या असतात. पहिलं वर्ष तिकडे जाऊ नका.

रकमेसाठी जे. एल. केली यांचं १९५६ चं सूत्र आहे. ते बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन प्रयोगशाळेत काम करत. सोप्या शब्दांत: शक्यता गुणिले भाव यातून १ वजा करा, आणि आलेल्या उत्तराला भाव वजा १ ने भागा. आपल्या उदाहरणात ०.०८ भागिले ५.५, म्हणजे बँकेचा सुमारे दीड टक्का. आपला शक्यतेचा अंदाज कच्चा असतो, म्हणून अनुभवी लोक याच्या निम्मं किंवा पाव लावतात. १,००० च्या बँकेत ७ लावायचे. सूत्र नको असेल तर दर वेळी बँकेचा एक टक्का, तेही उत्तम.

हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याची पद्धत कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. "कधीतरी लागेलच, तेव्हा सगळं भरून निघेल." १ पासून सुरू करा: सलग आठ हार झाल्या की २५५ गेलेले असतात आणि नववी बेट २५६ ची असते. दुप्पट भावात ती जिंकली तरी एकूण नफा १. आणि सलग हारांची रांग लागू शकते, हे वर पाहिलंच. या पद्धतीने माणसं रेसकोर्सवरून रिकाम्या खिशाने परतताना मी पाहिली आहेत, आणि त्यातली काही पुन्हा उसने पैसे घेऊन आली. झालेलं नुकसान आजच भरून काढायचं असं वाटू लागलं, घरच्यांपासून रक्कम लपवावीशी वाटली, रेस नसलेल्या दिवशीही चैन पडेना झालं, तर खेळ तिथेच थांबवा आणि जवळच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला. हे कोणालाही होऊ शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

टिप देणारे

मोबाइलवर 'पक्की टिप' विकणारे पुष्कळ भेटतील. त्यातली एक युक्ती समजून घ्या. आठ घोड्यांची रेस, आठशे लोकांचे नंबर. प्रत्येक शंभर जणांना वेगळा घोडा फुकट कळवायचा. रेस झाल्यावर शंभर जणांना वाटतं, या माणसाला सगळं कळतं. त्या शंभरांचे पुन्हा गट करून पुढच्या रेसला तेच. दोन रेसनंतर बारा-तेरा जण उरतात, ज्यांच्या लेखी टिप दोन्ही वेळा तंतोतंत खरी ठरली, आणि ते तिसऱ्या टिपसाठी मागेल ती रक्कम द्यायला तयार असतात. ज्याच्याकडे खरोखर आतली बातमी आहे, तो ती विकण्याआधी स्वतः त्यावर लावेल आणि भाव तिथेच उतरेल.

वही

एक साधी वही घ्या. प्रत्येक बेटसाठी एक ओळ: तारीख, रेस, घोडा, माझी शक्यता, मी घेतलेला भाव, गेट उघडताना असलेला भाव, रक्कम, निकाल. शेवटच्या रकान्यात एका वाक्यात कारण. 'जमीन बदलली', 'वजन कमी', 'पुढे पळणारा एकटाच', असं काहीतरी. कारण लिहिता येत नसेल तर बेट लावू नका. पहिल्या महिन्यात खरे पैसे न लावता फक्त वहीत खेळलात तर आणखी चांगलं.

या वहीत जिंकलो-हरलो यापेक्षा दोन भावांच्या रकान्यांकडे मी आधी बघतो. मी ६.५ ला घेतलेला घोडा गेटवर ५ झाला असेल, तर माझ्यानंतर आलेल्या पैशांनीही त्याच बाजूने कौल दिला. हे वारंवार होत असेल तर तुम्ही बरोबर दिशेने वाचताय, मग पहिल्या तीस बेटचा हिशेब तोट्यात असला तरी चालेल. उलट ६.५ चे सतत ८ होत असतील, तर सध्या नफा दिसत असला तरी तो नशिबाचा आहे. तीस-चाळीस नोंदींवरून जिंकण्या-हरण्याचा काहीच निष्कर्ष निघत नाही, पण भावाचा कल मात्र तेवढ्यात दिसू लागतो.

शंभर नोंदी झाल्या की एका दुपारी वही घेऊन बसा. तुम्ही २० टक्के लिहिलेले घोडे खरोखर किती वेळा जिंकले ते मोजा. पंचवीस असे घोडे घेतले असतील आणि फक्त दोन लागले असतील, तर तुमचा वीसचा आकडा फुगलेला असण्याची दाट शक्यता आहे. पुढच्या शंभर नोंदींत त्या पातळीच्या घोड्याला १५ लिहा. कारणांचा रकानाही चाळा. कोणतं कारण पुन्हा पुन्हा लिहिलंय आणि त्याच्यापुढे निकाल काय आहे, यावर पेन्सिलीने खुणा करा. माझ्या वहीत 'जॉकी बदलला' या कारणापुढे इतक्या हार जमल्या होत्या की मी ते कारण पहिल्या पानावर लाल शाईने खोडून ठेवलं. ते पान मी प्रत्येक रेसच्या दिवशी घरून निघताना उघडतो.